पांढरं कुत्रं आणि वर्ध्याचं ऊन

मे महिन्यातली दुपार आहे. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, गाव कुठलंही घ्या. रस्ता ओस पडलेला असतो, पारा 45 अंशांकडे सरकलेला असतो आणि घरोघरी खिडकीत बसवलेला कूलर घरघरत असतो. त्या कूलरच्या झोतात, थेंब थेंब पाण्याने ओल्या झालेल्या फरशीला पोट चिकटवून, मागचे पाय बेडकासारखे पसरून एखादं पांढरं, झुबकेदार शेपटीचं, टोकदार तोंडाचं कुत्रं पडलेलं दिसतं. घरची माणसं त्याला पामेरियन म्हणतात. बहुतेक वेळा ते पामेरियन नसतंच. जगभरात पामेरियन म्हणून जे ओळखलं जातं ते जेमतेम दोन ते साडेतीन किलोचं बाहुलीएवढं जनावर असतं. आपल्याकडचं हे कुत्रं त्याच्या दुप्पट तरी भरतं आणि त्याचं खरं नाव इंडियन स्पिट्झ. पण सगळं वनस्पती तूप जसं डालडा झालं, तसं पांढरं केसाळ कुत्रं पामेरियन झालं. नावाची ही चूक तशी किरकोळ. मात्र तिच्यामागे दुसरी एक मोठी चूक दडलेली आहे. हे कुत्रं आपल्या घरात आलं, त्याला नाव, पट्टा आणि दूधपोळी मिळाली; त्याला कसं ठेवायचं आणि काय शिकवायचं, ही विद्या मात्र सोबत आली नाही. आणि ती विद्या म्हणजे पाश्चात्त्यांचं खूळ, असं जे सर्रास समजलं जातं, ते इतिहासाला धरून नाही. निदान वर्ध्याने तरी तसं समजू नये.

स्पिट्झ ही मुळात थंड मुलखातली जात. बाल्टिक समुद्राकाठच्या पोमेरेनिया प्रांतावरून तिच्या एका शाखेला नाव मिळालं. जर्मन शेतकऱ्यांकडे ही कुत्री राखणीला असत. अनोळखी पावलांची चाहूल लागताच आकांत करणं हेच त्यांचं काम. 1888मध्ये इटलीतल्या फ्लॉरेन्सला गेलेल्या राणी व्हिक्टोरियाने तिथून लहान आकाराचं असं कुत्रं आणलं, राणीचं पाहून इंग्लंडातल्या श्रीमंत घरांना त्याची गोडी लागली आणि जात आकाराने आक्रसत गेली. 1901च्या जानेवारीत राणी शेवटच्या घटका मोजत होती, तेव्हा तिच्या बिछान्यावर तिचं तुरी नावाचं पामेरियन होतं. हिंदुस्थानात आलेले इंग्रज याच कुळातली जर्मन स्पिट्झ कुत्री घेऊन आले आणि इथल्या हवेत तगतील अशी त्यांची पैदास होत गेली. हा सगळा काळ वर्ध्याच्या जन्माचा आहे. नागपुरातून वेगळा काढून वर्धा जिल्हा झाला 1862 साली. मुख्य ठाणं आधी पुलगावजवळच्या कवठ्याला होतं, ते 1866मध्ये पालकवाडी या खेड्याच्या जागी वसवलेल्या नव्या शहरात आलं आणि पुढच्याच वर्षी रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. कापसाच्या गाठी ज्या रुळांवरून मुंबईला जायच्या, त्याच रुळांवरून साहेबाचा संसार यायचा, आणि त्या संसारात कुत्रं असायचं. गार्डाच्या डब्यातली कुत्र्यांसाठीची पेटी ही त्या काळाची आठवण. ती व्यवस्था रेल्वेत आजही आहे.

या साहेबाकडे कुत्रं सांभाळण्याची विद्या होती आणि ती छापलेली होती. फ्लोरा ॲनी स्टील आणि ग्रेस गार्डिनर यांनी मेमसाहेबांसाठी लिहिलेल्या 1888च्या गृहव्यवस्थेच्या पुस्तकात स्वयंपाक, नोकर, गाई, कोंबड्या यांच्या जोडीला कुत्र्यांवर प्रकरण आहे. व्हेरो शॉ आणि कॅप्टन हेज यांनी 1895मध्ये उष्ण हवेच्या देशांत कोणती कुत्री ठेवावीत आणि त्यांच्यावर काय उपचार करावेत, यावर अख्खं पुस्तकच काढलं. पण पुस्तक वाचणारा एक आणि हात घालणारा दुसरा. कुत्र्याला भल्या पहाटे फिरवणं, गोचिडी वेचणं, केस विंचरणं, उन्हं चढण्याआधी वाळ्याच्या ताटीमागे नेऊन बांधणं ही कामं करणारा माणूस इथलाच असे. त्याला ‘डोरिया’ म्हणत. 1886च्या हॉब्सन-जॉब्सन कोशाने हा शब्द नोंदवला आहे आणि तो डोर, म्हणजे दोरी, यावरून आला आहे. खरी कसबी विद्या या माणसाच्या बोटांत होती. त्याने ती लिहून ठेवली नाही, कुणी त्याला विचारलंही नाही. साहेब गेले, पुस्तकं ग्रंथालयांत धूळ खात पडली, डोरिया दुसऱ्या कामाला लागला आणि कुत्रं तेवढं मागे राहिलं. पुढे परदेशी जातीची कुत्री आयात करणं मध्यमवर्गाच्या आवाक्यात नव्हतं, तेव्हा इथेच वाढलेलं, कमी खाणारं, फ्लॅटमध्ये मावणारं हे पांढरं कुत्रं नोकरदारांच्या घरी शिरलं. 1994च्या ‘हम आपके हैं कौन’मधल्या टफीने तर ते घराघरांत पोचवलं. त्या चित्रपटात टफी क्रिकेटचा पंच होतो, चिठ्ठी पोचवतो आणि लग्न जुळवतो. त्याला हे सगळं कुणीतरी महिनोन्‌महिने खपून शिकवलं असणार, हे मात्र पडद्यावर कुठे दिसत नाही. पिल्लू घरी आणणाऱ्यांनीही तेच गृहीत धरलं: जातिवंत कुत्रं म्हणजे शिकूनच आलेलं.

आता कुणी विचारेल, महाराष्ट्रात काय कुत्री नव्हती? होती तर. खंडोबाच्या पायाशी कुत्रं आहे, दत्ताभोवती चार वेदांची चार कुत्री आहेत. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त ‘सारमेयविनोद’ म्हणून शिकारी कुत्र्यांवर भाग आहे. धनगराच्या वाड्यावर, शेतातल्या मचाणाखाली, गावाच्या वेशीत कुत्रं कायमचंच आहे. पण हे नातं नीट पाहिलं तर त्यात एक ठरलेला सौदा दिसतो. भाकरीचा तुकडा गावाने टाकायचा, राखण कुत्र्याने करायची. ते झोपतं कुठे, पितं काय, त्याला जखम झाली तर काय, हे कुणी पाहायचं नाही. मोत्या, वाघ्या, खंड्या ही नावं आळीची असत, एका घराची नसत. आणि आपल्या कथांत इमान नेहमी कुत्र्याकडून माणसाकडे वाहतं. रायगडावरच्या वाघ्याचंच बघा. शिवकाळातला एकही पुरावा त्याच्या बाजूने नाही, तरी त्याची समाधी उभी राहिली, ती पाडण्या-ठेवण्यावरून वाद पेटले, कारण धन्यासाठी जीव देणारं कुत्रं ही कल्पनाच आपल्याला हवीहवीशी आहे. उलट बाजूने, म्हणजे माणसाने कुत्र्यासाठी धावल्याच्या गोष्टी शोधाव्यात तर पटकन दोनच आठवतात. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव, आणि कुत्र्याला सोडून स्वर्गात यायला नकार देणारा युधिष्ठिर. त्यातही पहिल्याला कुत्र्यात विठोबा दिसला आणि दुसऱ्याचं कुत्रं शेवटी यमधर्म निघालं. आपल्याकडून तूप मिळवायचं तर कुत्र्याला देव व्हावं लागतं, असाच त्याचा अर्थ निघतो.

हा जुना सौदा वेशीतल्या कुत्र्यापुरता चालून गेला. घरातल्या पांढऱ्या कुत्र्याला तो लागू पडत नाही, आणि माझ्या म्हणण्याचा गाभा तोच आहे. गावठी कुत्रं सावली शोधतं, खड्ड्यातलं पाणी पितं, माती उकरून थंड जागेत बसतं, चार घरी फिरून पोट भरतं. दाराला कडी लावलेल्या घरातल्या कुत्र्याला यातलं काहीच करता येत नाही. त्याचं पाणी, त्याची सावली, त्याचा विधी, त्याची सोबत सगळं एकाच घराच्या मर्जीवर असतं. मराठीत ‘पाळणं’ या क्रियापदाला दोन अर्थ आहेत. आपण जनावर पाळतो आणि शब्दही पाळतो. वेळ पाळतो, व्रत पाळतो, पथ्य पाळतो. वेशीतलं कुत्रं फक्त पहिल्या अर्थाने पाळलेलं होतं. घरातलं कुत्रं दुसऱ्या अर्थाने पाळावं लागतं. इथे जरा हयगय झाली की दुसरं दार ठोठावायची त्याला सोय नसते.

मालकी म्हणजे काय, हा प्रश्न आपल्याकडे फार उशिरा विचारला गेला. 1832च्या जूनमध्ये मुंबईत कुत्र्यांवरून दंगल झाली. उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारण्याचा सरकारी रिवाज होता, कुत्र्यामागे आठ आणे मिळत, त्यामुळे शिपाई वाटेल ते कुत्रं धरू लागले आणि पारशी समाज खवळून उठला. बाजार बंद झाले, लष्कर बोलवावं लागलं. दोन वर्षांनी, 1834मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि अमिचंद शहा यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ उभी राहिली. या सगळ्यात घरचं कुत्रं कुठलं आणि रस्त्यावरचं कुठलं, याची रेघ कुणाला स्पष्ट ओढता आली नाही. ती रेघ ज्या माणसाने ठणकावून ओढली तो पुढे वर्ध्याचा रहिवासी झाला. 1926मध्ये अहमदाबादचे गिरणीमालक अंबालाल साराभाई यांनी गिरणीच्या आवारातली साठ मोकाट कुत्री मारवली. जीवदयावाले संतापले, गांधीजींकडे गेले, आणि गांधीजींनी त्या ऑक्टोबरपासून ‘यंग इंडिया’त लेखांची एक मालिकाच लिहिली. बिनमालकाची कुत्री रस्त्यावर फिरताना दिसणं ही समाजाच्या दयेची नव्हे, अज्ञानाची आणि आळसाची खूण आहे, असं त्यांचं म्हणणं. उपाशी कुत्र्याला तुकडा फेकून पुण्य मिळत नाही, उलट त्या जीवाचा अपमान होतो. ज्याला कुत्र्याचा कळवळा आहे त्याने ते घरी न्यावं, सोबती म्हणून सांभाळावं, खर्च सोसावा. नाहीतर दयेच्या गोष्टी करू नयेत. टपालाने शिव्यांचा पाऊस पडला, तरी ते मागे हटले नाहीत.

यावर सरळ आक्षेप येतो: गांधीजींनी त्या प्रकरणात कुत्री मारण्याचं समर्थन केलं, मग कुत्र्यांच्या संगोपनाला त्यांची साक्ष कशी काढता? आक्षेप खोटा नाही. त्या वेळी कुत्र्यांच्या नसबंदीची किंवा घाऊक लसीकरणाची सोय नव्हती. आज ती आहे, आणि मारणं हा उपाय कायद्यानेही उरलेला नाही. ऑगस्ट 2025मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली सगळी भटकी कुत्री निवाऱ्यात कोंडण्याचा आधी दिलेला आदेश अकरा दिवसांत बदलला आणि नसबंदी, लसीकरण करून ती होती तिथे सोडण्यावर आणि खाऊ घालण्याच्या जागा ठरवून देण्यावर भर दिला. तेव्हा गांधीजींच्या उत्तराचा एक भाग कालबाह्य झाला हे मान्य. पण त्यांनी केलेलं निदान तसंच आहे. पाळणाऱ्यांनी नीट पाळलं नाही की कुत्रं रस्त्यावर येतं. हौस फिटल्यावर, भुंकणं सोसवेना म्हणून किंवा बदली झाली म्हणून सोडून दिलेलं पांढरं कुत्रं वर्ध्याच्या उन्हात किती दिवस काढणार?

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. 2006मध्ये पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी मदत योजना जाहीर केली, त्यात वर्धा होतं. अशा जिल्ह्यात परदेशी वंशाच्या कुत्र्याचे केस विंचरण्यावर लेख लिहायचा? परदेशीपणाचं उत्तर सोपं आहे. ज्या हिंगणघाटच्या बनी कापसाचं नाव मँचेस्टरपर्यंत होतं, त्याच्या जागी वर्ध्याच्या काळ्या जमिनीत बाहेरून आलेल्या वाणांची सरकी केव्हाच पेरली गेली. बाहेरून आलेलं जगवायचं तर त्याची प्रकृती समजून घ्यावी लागते, हे इथल्या शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको. चैनीचा मुद्दा मात्र मी टाळणार नाही. कुत्रं न पाळणं हा उत्तम, काटकसरी आणि प्रामाणिक निर्णय आहे, आणि अनेक घरांनी तो घ्यावा. पण हा आक्षेप पाळण्याच्या विरुद्ध आहे; नीट पाळण्याच्या विरुद्ध नाही. एकदा आणलं की हात आखडून चैन कमी होत नाही, फक्त हाल वाढतात. पार्व्होची लस चुकवून वाचवलेले पैसे पुढे सलाइनच्या बाटल्यांत जातात आणि बहुधा पिल्लूही जातं. वर्ध्याला हा फरक गायीच्या बाबतीत कळलेला होता. जमनालाल बजाजांनी 1941मध्ये इथे गोसेवा संघ काढला तेव्हा नावात पूजा किंवा रक्षा नव्हती, सेवा होती. गळ्यात हार घालणं वेगळं. गोठा झाडणं, चाऱ्याचा हिशेब ठेवणं, आर्वीकडच्या गवळाऊ जातीची पैदास राखणं वेगळं.

तेव्हा सेवा म्हणजे प्रत्यक्षात काय? स्पिट्झला केसांचे दोन थर असतात, वरचा राठ आणि आतला लोकरीसारखा. ऊन तापू लागलं की आतला थर सुटतो. फणी कातडीपर्यंत नेऊन उलट ओढली की मूठभर पांढरा गोळा हातात येतो, सरकी काढून पिंजलेल्या कापसासारखा. हे रोज केलं तर अंगाला हवा लागते. नाही केलं तर तोच गोळा ओला राहून खाली कातडी चिघळते. उन्हाळ्यात कुत्र्याला सरसकट भादरण्याची जी पद्धत आहे ती चुकीची. वरचा थर उन्हापासून वाचवतोही, आणि एकदा साफ केला की तो धड परत येईलच असं नाही. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही, पंजांच्या तळव्यांना काय येईल तेवढाच. ते जिभेने, धापा टाकून थंड होतं. म्हणून फिरवणं पहाटे किंवा दिवेलागणीनंतर, आणि डांबरावर आपला तळहात ठेवून पाहिल्याशिवाय नाही. पावसाळ्यात काळ्या मातीच्या गवतातून गोचिडी येतात, कानाच्या घडीत आणि बोटांच्या बेचक्यात बसतात. त्यांच्यापासून होणारा ताप जीव घेऊ शकतो. खाण्यात आपल्या प्रेमाचा मोठा घोटाळा म्हणजे फोडणीचं वरण. कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि ताटातलं उरलंसुरलं रोज घालणाऱ्या घरात कुत्रं मलूल का झालं हे लवकर कळत नाही.

शिकवण्याच्या बाबतीत आपल्याला म्हणीच आडव्या आल्या. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच, असं म्हणून आपण मोकळे. गंमत अशी की स्पिट्झच्या बाबतीत पाठीवर वळलेलं वाकडं शेपूट हेच जातीचं लक्षण. सरळ झालं तर जाणकार नाक मुरडेल. पण म्हणीतला अर्थ खोटा आहे. स्कॉट आणि फुलर या अमेरिकी संशोधकांनी वर्षानुवर्षे पिल्लं वाढवून 1965मध्ये दाखवून दिलं की साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू माणसांशी आणि आपल्या जातभाईंशी कसं वागायचं ते शिकतं. त्यातले पहिले आठवडे ते आईपाशी आणि भावंडांत असायला हवं. किती जोराने चावलं की दुसऱ्याला दुखतं, हे ते तिथेच शिकतं. 2017च्या कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांच्या नियमांनी आठ आठवड्यांआतलं पिल्लू विकायला मनाई केली आहे ती याचसाठी, आणि पाच आठवड्यांचं ‘छोटंसं गोड’ पिल्लू हवं असा हट्ट धरणारं गिऱ्हाईकच ती मोडायला लावतं. मग घरी येऊन त्याची शाळा सुरू होते आणि शाळेत मास्तर चार. मुलगा ‘सिट’ म्हणतो, आई ‘बस’, आजोबा ‘हाट’, आजी काहीच न म्हणता बिस्कीट देते. मराठी घरात कुत्र्याशी इंग्रजीत बोलावं हा साहेबाचा वारसा खराच, पण कुत्र्याला भाषेशी देणंघेणं नाही. त्याला एका कामाला एकच आवाज लागतो. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर लगेच बाहेर न्यायचं, तिथे विधी झाला की त्याच क्षणी शाबासकी द्यायची. घरात झाला तर गुंडाळलेल्या वर्तमानपत्राने बडवायचं नाही, कारण मार विधीसाठी की तुमच्या येण्यासाठी, हे त्याला कळत नाही. ते लपून करायला तेवढं शिकतं. भुंकण्याचंही तेच. ज्याच्या पूर्वजांना जर्मन शेतावर ओरडण्यासाठीच ठेवलं होतं, त्याने दारावरची घंटा ऐकून गप्प बसावं ही अपेक्षा ठीक, पण तिथे पोचायचा रस्ता गप्प बसलेल्या क्षणाला बक्षीस देण्यातून जातो, ओरडण्यावर ओरडण्यातून नाही. लहान कुत्र्याला शिकवायची काय गरज, ते काय कुणाला फाडून खाणार, असंही म्हणतात. चावलं तर रेबीजची भीती मोठ्या कुत्र्याइतकीच असते, आणि गळ्यातल्या पट्ट्याला हिसके देत चालणाऱ्या लहान कुत्र्याची श्वासनळी मोठ्यापेक्षा नाजूक असते. म्हणून पट्टा छातीवरून बांधावा.

यातलं काहीच अवघड नाही, खर्चिकही फारसं नाही. लस, दात, गोचीडताप यांसाठी तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना आहे. प्रकरण वाढलं तर नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तास-दीड तासावर. राहिला कायदा, तर रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत लावून धरल्यामुळे झालेल्या 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात एक कलम आहे. कुत्रं कायम साखळीला बांधून किंवा कोंडून ठेवणाऱ्या मालकाने त्याला पुरेसं फिरवलं नाही, तर तो गुन्हा ठरतो. पहिल्या गुन्ह्याचा दंड किमान 10 रुपये, जास्तीत जास्त 50 रुपये. अजून तेवढाच आहे.